बाईंचा न उठणारा किल्लेदार

बाई गेल्या तेव्हा महाडात वाचनालयाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. सगळे चांगलंच बोलले. बाईंनी पिढ्या घडवल्या, बाईंनी इतिहास जिवंत केला, बाईंच्या कादंबऱ्या घराघरांत पोचल्या. मला बोलायला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर मी एवढंच म्हटलं असतं की बाईंसारखं पक्कं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही, आणि मी आयुष्यभर सौदेच केले आहेत. कागदवाल्यांशी केले, मशीन दुरुस्त करणाऱ्यांशी केले, लग्नपत्रिकेत एकेका काकाचं नाव वाढवायला भांडणाऱ्या वरबापांशी केले. सगळ्यांना पुरून उरलो. बाईंनी मला एक शब्द दिला, तो तंतोतंत पाळला, आणि तरीही माझं करायचं ते नुकसान केलंच. कुणी शब्द मोडला तर त्याला चारचौघांत शिव्या देता येतात. पाळला तर काय करायचं?

मी मूळचा कापडे गावाच्या वरच्या वाडीतला. खांद्याला पिशवी लावून पत्रिकांचे नमुने दाखवत पोलादपूरपासून वरंधपर्यंत पायी फिरलोय. त्यातून जुनं मशीन घेतलं, आणि महाडच्या बाजारामागच्या गल्लीत बाईंच्या घराच्या तळमजल्यावर प्रेस टाकली. बाई वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. शाळेत त्यांनी मला इतिहास शिकवला होता, त्यामुळे मी कितीही मोठा झालो तरी त्यांच्या लेखी 'काय रे' होतो. प्रेसमध्ये चार माणसांसमोर वरून हाक यायची, "काय रे, चहा घेतलास का?" आणि समोरचं गिऱ्हाईक लगेच भाव पाडून मागायचं.

बाई कुणाला 'कसे आहात' असं विचारत नसत. "झोप लागते का?" हा त्यांचा नमस्कार. बँकेच्या साहेबाला तोच, पोस्टमनला तोच. दारावर येणाऱ्या मासेवालीनं एकदा उत्तर दिलं, "मना झोप लागली तर तुमाला बोंबील कोन आननार, बाय?" बाईंना ते इतकं आवडलं की तिला त्यांनी पुढच्या कादंबरीत सरखेलाची आत्या केलं.

त्या ऐतिहासिक प्रेमकथा लिहायच्या. गड, मेणे, पैठण्या, सगळं जिथल्या तिथे. पण नायक मात्र बिघडलेला. एका कादंबरीतला सरदार हात धुवून धुवून कातडी सोलून घ्यायचा. दुसरीतला लढाईत वाघ, पण सावकाराच्या वाड्यातली अरुंद जिन्याची वाट दिसली की त्याला दरदरून घाम फुटायचा आणि श्वास कोंडायचा. एक राणी होती, तिला गेलेलं मूल हाका मारताना ऐकू यायचं. बाई या सगळ्यांबद्दल घरच्या माणसांसारखं बोलत. "काल सरदारांना परत तसं झालं रे," असं त्या जिन्यात सांगायच्या, तेव्हा नवीन आलेला कामगार मला हळूच विचारायचा, "बाईंकडे पाहुणे आलेत का?"

महाडातला पूर तर सगळ्यांनाच माहीत आहे. त्या वर्षी पाणी माझ्या मशीनवर चढलं, कागदाची रिमंच्या रिमं लगदा झाली, आणि मी वर बाईंच्या खोलीत उभा राहून गल्लीतून वाहत जाणारं माझं दुकान बघत होतो. समोरचा शिंपी, त्याची बायको, दोन शेजारी, सगळे वर आलेले. बाईंनी स्टोव्हवर चहा टाकला आणि म्हणाल्या, "आता कुणाला कुठे जायचं नाहीच आहे, तर एक प्रकरण वाचते." आणि वाचलं! मी ओरडलो, "बाई, माझं सगळं गेलंय!" त्या म्हणाल्या, "म्हणूनच. बस." प्रकरणात सरदार हात धूत होता. शिंप्याची बायको पदराआड रडली. तिचं घरही पाण्यातच होतं, पण ती सरदारासाठी रडत होती.

तर अशा बाईंनी किल्लेदाराची कादंबरी लिहायला घेतली. छापायची मी, विकायचीही मी. प्रकरण लिहून झालं की बाई खिडकीतून भाजीची टोपली दोरीनं खाली सोडायच्या, तीत कागद. मी ते वाचायचो आणि खालून बोलायचो, त्या वरून. त्यामुळे आमच्या वाटाघाटी गल्लीभर ऐकू जायच्या.

हा किल्लेदार शूर, देखणा, तिशीच्या आतला. पण काही दिवस त्याला उठवतच नाही. ताप नाही, जखम नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. अंघोळ नाही, पागोटं नाही. गडाखाली गनीम आलाय, ढोल वाजतायत, आणि अख्ख्या पाचव्या प्रकरणात हा पलंगावरून उठत नाही.

"बाई, याला उठवा!" मी खालून ओरडलो.

"तू उठव," वरून उत्तर.

"अहो, वाचक पुस्तक मिटून ठेवतील. किल्लेदार म्हटल्यावर माणसाला तलवार लागते."

"तलवार आहे. खुंटीला."

"निदान दहाव्या प्रकरणात सगुणेशी लग्न झाल्यावर तरी बरा करा. तिच्या प्रेमानं बरा होतो असं दाखवा. शेवटाला वरात. मुखपृष्ठावर पण वरातच घेऊ."

"सगुणा काय वैद्य आहे?"

"मग अर्धा तरी बरा करा!"

समोरून शिंपी मशीन थांबवून म्हणाला, "काय शेठ, उठला का किल्लेदार?" मी त्याला सांगितलं की आधी माझ्या पँटची चेन नीट लाव, मग बोल. पण तेव्हापासून गल्लीत तो रोजचा प्रश्न झाला. भाजीवाला विचारायचा, पेपरवाला विचारायचा. बाई वरून खरी उत्तरं द्यायच्या. "आज नाही उठले. दूध घेतलं फक्त."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या बाई कसल्या! महाडात एका दवाखान्यात मनाच्या आजारांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा बाहेरून येतात. बाई तिथे गेल्या आणि त्यांनी किल्लेदाराच्या नावानं केसपेपर काढला. धंद्याच्या रकान्यात 'किल्लेदारी' लिहिलं. कंपाउंडर पोरीनं विचारलं, "पेशंट कुठंय?" बाई म्हणाल्या, "गडावर. उठवत नाहीये ना, म्हणून मी आलेय." ही गोष्ट गावभर झाली. मीही ती पुष्कळ ठिकाणी सांगून लोकांना हसवलं. पुस्तकाची फुकट जाहिरात होते, ती का सोडायची?

याच सुमारास माझा धाकटा भाऊ, दिनू, मुंबईहून परत आला. तो तिकडे एका जाहिरात कंपनीत कॉम्प्युटरवर पानं लावायचा. हुशार पोरगा, वाडीतला पहिला की ज्यानं मला न विचारता नोकरी मिळवली. आला तो बॅग घेऊनच. कशाला आलास म्हटलं तर सांगेना. काही दिवस बरा असायचा, प्रेसमध्ये बसून कामं उरकायचा, आणि काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचा.

हो, मलाही कळत होतं ते तेच होतं. पण कादंबरी आधी सुरू झाली होती, दिनू नंतर आला, त्यामुळे बाईंवर चोरीचा आळ घेता येईना. उलट दिनूच त्यांची प्रकरणं टाइप करायला लागला. पाचवं प्रकरण त्यानं टाइप केलं आणि मला म्हणाला, "दादा, हे बरोबर लिहिलंय." बाकी मशीनचं, शाईचं, घरचं, कशाबद्दलच तो बोलत नव्हता.

वाडीवर आईनं आधी अंगारा आणला. मग ती म्हणाली, "त्याचं लगीन कर. बायको आली का सुधारंल. तुझा मामा पन असाच व्हता, लगीन झालं नि उठून बसला."

"मामा दारू पीत होता गो, आये."

"तेच तं. बायकोनं सोडवली ना?"

आमच्याकडे हा उपाय सगळ्यांवर चालतो. पोरगा व्यसनी, लग्न लाव. पोरगा रागीट, लग्न लाव. बोलत नाही, लग्न लाव. मला तो पटलेला होता, कारण मी स्वतः लग्नानंतरच धंद्यात नीट लागलो. बायको मात्र म्हणते की मी आधीही असाच होतो. ते सोडा.

वरंधकडचं एक स्थळ आलं. मुलगी शिकलेली, घर चांगलं, माणसं साधी. पत्रिका जुळत नव्हती, ती मी भटजींकडे बसून जुळवून घेतली. आता राहिली चौकशी. मुलगी दाखवण्याआधी मुलीकडचा एखादा मामा किंवा काका मुलाच्या गल्लीत येऊन जातो. आलोय असं सांगत नाही. चहा पितो, पान खातो, घरमालकाला नमस्कार करतो, आणि पोरगा कसा आहे ते काढून घेतो. मी चहावाल्याला सांगून ठेवलं. शिंप्याला त्याच्या जाहिरातीची पत्रकं छापून देण्याचं कबूल केलं. राहिल्या बाई.

मी वर गेलो. बाई शेंगा सोलत होत्या.

"बाई, सौदा करायचाय."

"बोल."

"किल्लेदाराचा शेवट तुमच्या मनासारखा. वरात नको, बरा नको, काही नको. तुम्ही लिहाल ते मी छापतो, एक शब्द बोलणार नाही."

बाईंनी शेंग खाली ठेवली. असा भाव मी आजवर कुणाला दिला नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. "आणि माझ्याकडून काय?"

"मुलीचा मामा येईल. मुलगा चांगला आहे, एवढंच म्हणायचं. पुढे एक अक्षर नाही."

"दिनू चांगलाच आहे."

"तेच म्हणा."

"मुलीला कोण सांगणार?"

"लग्नानंतर कळेलच की."

बाईंनी उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. मग म्हणाल्या, "बरं. मामाला मी तेवढंच सांगेन. पण शेवट माझा. मागाहून कुरकुर चालणार नाही."

मी जिना उतरताना शीळ घालत होतो. शेवट त्यांचा झाला तर माझी थोडी पुस्तकं कमी खपतील, आणि भावाचा संसार उभा राहील. इतका स्वस्त सौदा मी कधी केला नव्हता.

मामा आला, चहा प्याला, पान खाल्लं, वर जाऊन आला. बाईंनी त्याला "झोप लागते का?" विचारलं, आणि "मुलगा चांगला आहे" म्हणाल्या. पुढे एक अक्षर नाही. मामा खूश होऊन गेला. जाताना दाराशी मला म्हणाला, "बाई जरा हलल्यात का वो?" मी म्हटलं, "लेखिका आहेत."

त्याच आठवड्यात टोपलीतून नववं प्रकरण खाली आलं. आता मी काही बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून मी वाचलंच नाही, सरळ दिनूला दिलं. माझी चूक कुठे झाली असेल तर ती एवढीच, की माल न बघता आत घेतला.

मुलगी बघायला आम्ही वरंधला गेलो. आई, मी, माझी बायको, दिनू. त्या दिवशी तो उठला होता, दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट. पोहे झाले. हल्लीच्या पद्धतीप्रमाणे दोघांना मागच्या पडवीत बोलायला पाठवलं. आत आम्ही पावसापाण्याचं बोलत होतो. पडवीची खिडकी माझ्या पाठीमागे होती. दिनूचा आवाज आला, स्वच्छ, सावकाश, जसं काही पाठ केलंय.

"तुम्हाला आधी एक सांगायचंय. माझे काही दिवस असे येतात की मला उठवत नाही. त्यात तुमचा दोष नसेल. माझाही नसतो. आणि तुम्ही आलात म्हणून ते जाणार नाही. हे ऐकून तुम्ही नाही म्हणालात तर मला राग येणार नाही."

हातातली पोह्यांची बशी मी इतक्या जोरात खाली ठेवली की मुलीचा बाप दचकला. मी मोठ्यानं खोकलो, पावसाबद्दल दुप्पट आवाजात बोलायला लागलो. उपयोग नव्हता. मागून मुलीचा आवाज आला, "अशा दिवशी कुणी बोललेलं चालतं का?" दिनू काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, कारण आई तेवढ्यात भाताच्या रोपांविषयी बोलायला लागली.

चार दिवसांनी निरोप आला. पत्रिका जुळत नाही. मी भटजीला पदरचे पैसे देऊन जुळवलेली पत्रिका!

प्रेसवर आलो आणि नववं प्रकरण काढून वाचलं. लग्नाआधी किल्लेदार सगुणेला देवळाच्या ओवरीत भेटतो आणि हेच सगळं बोलतो. शब्द न् शब्द. फक्त तिथे 'मला'च्या जागी 'आम्हांस' होतं. दिनूनं तेवढं बदललं होतं.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. सगळी गल्ली ऐकायला थांबली असणार.

"बाई! एका हातानं शब्द दिलात आणि दुसऱ्या हातानं माझ्या भावाच्या तोंडात घातलात!"

"मामाला मी काय म्हणाले?"

"तेच! तेवढंच!"

"मग?"

"ते प्रकरण कशाला लिहिलंत?"

"शेवट माझा ठरला होता ना रे?" बाई म्हणाल्या. "नवव्याशिवाय शेवट कसा येणार?"

"मोडलं त्याचं लग्न!"

"तुझं मोडलं. तो कसाय ते बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. मी खाली आलो तर दिनू जाग्यावर नव्हता. कॉम्प्युटर बंद, चप्पल नाही. आमच्या गावाला नदी आहे, एवढंच सांगतो. मी जिन्याखालून ओरडलो. बाई पिशवी घेऊन खाली येतच होत्या. "ओरडू नकोस. दवाखान्यात नंबर लावायला पुढे गेलाय. आज डॉक्टर येतात. मी म्हटलं, मी मागून येते."

"वेड्यांच्या डॉक्टरकडे? भर बाजारातून?"

"मग काय डोलीतून न्यायचा?"

मी धावलो. त्याला हात धरून परत आणायचं ठरवूनच धावलो. दवाखान्यात बाकावर दिनू बसला होता, हातात केसपेपर, आणि आजूबाजूला अर्धी बाजारपेठ. किराणावाले होते, टोपी कपाळावर ओढून. आमच्या पतपेढीतले एक साहेब होते. शिंप्याची बायको होती, ती पूर येऊन गेल्यापासून येते हे मला त्या दिवशी कळलं. त्याच दवाखान्यात पलीकडे दातांचे डॉक्टरही बसतात. किराणावाल्यांनी मला बघून गालावर हात ठेवला. "दाढ," ते म्हणाले. साहेब म्हणाले, "माझीपण दाढच." मीसुद्धा गालावर हात ठेवला.

बाई येऊन दिनूच्या शेजारी बसल्या आणि पिशवीतून स्वतःचा केसपेपर काढला. मी दबक्या आवाजात म्हटलं, "पुन्हा किल्लेदार?"

"किल्लेदारासाठी एकदाच आले होते," बाई म्हणाल्या, नेहमीच्या चढ्या आवाजात, सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं. "बाकी सगळ्या वेळा माझ्यासाठी. तुम्हा पोरांना शाळेत शिकवत होते तेव्हापासून."

मी त्यांना रागानं काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात कंपाउंडर पोरीनं दिनूचं पूर्ण नाव पुकारलं, आडनावासकट, गावासकट. कोपऱ्यातल्या माशीलाही ऐकू गेलं असेल. दिनू उभा राहिला. "सोबत कोण?" पोरीनं विचारलं. त्याला हात धरून बाहेर न्यायला मी उठलो होतो. उठलेला बघून ती म्हणाली, "तुम्ही का? चला मग आत."

आत मी डॉक्टरांना विचारलं, किती दिवसांत बरा होईल. ते म्हणाले, असं सांगता येत नाही. मी म्हटलं, गणपतीपर्यंत? नाही. दिवाळी धरा. त्यांनी मान हलवली. बरं, निदान शिमग्याला निम्मा? ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही सौदा चांगला करता, पण माझ्याकडे माल नाही. गोळ्या आहेत, त्या रोज घ्यायच्या. आणि याच्याशी बोलायचं." मी माझ्या आयुष्यात इतक्या वाईट अटींवर कुठे सही केली नव्हती.

कादंबरी बाईंच्या शेवटानं छापली. किल्लेदार बरा होत नाही. सगुणा सगळं ऐकून, विचार करायला महिनाभर मागून घेऊन, मग होकार देते. वाईट दिवशी गडाचा पहारेकरी नाईकवाडी दरवाजे लावून घेतो आणि गड पडत नाही. बस. वरात नाही. मी बाईंना अखेरपर्यंत सांगत राहिलो की तुम्ही मला फसवलंत. त्या म्हणायच्या, "कलम दाखव." कलम दाखवता येत नव्हतं, आणि माफी त्यांनी मागितली नाही. ती राहिलीच.

गेल्या महिन्यात पोलादपूरला स्टँडजवळ पुस्तकांचं टेबल लावलं होतं. तिथे दिनू बसायचा, पण सकाळी तो उठला नाही, म्हणून मीच गेलो, चिडलेलाच. कुडपणची एक म्हातारी बाजारासाठी खाली उतरली होती. टेबलापाशी थांबून तिनं मुखपृष्ठावरच्या किल्लेदाराला बोट लावलं.

"ह्यो आमच्या नातीनं वाचून दावला. पन पुढचा काय लिवलाच नाय. बरा झाला का वो तो?"

"पुढचा भाग नाही आजी. बाई गेल्या."

"बाई गेल्या, पन तो हाय ना? काय करतोय आता?"

मला वाटलं, हिला झटकून टाकावं. गिऱ्हाईक नाही, नुसता वेळ खायला आलीय.

"गोळ्या चालू हायत," मी म्हटलं. "आज उठला नाय."

"जेवला का?"

"भाकरी खाल्ली. थोडी."

"मंग हाय तो," म्हातारी म्हणाली, आणि तिनं पाटी डोक्यावर घेतली.